‘व’ की ‘वा’? एका कान्याची गोष्ट

नववीच्या गणितातला पहिलाच धडा. दोन वर्तुळं, एकमेकांत अडकलेली. मधला भाग पेन्सिलने रंगवायचा, दोन मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. मीही तेच केलं होतं. मग एके दिवशी त्या मधल्या भागाने आम्हाला गाठलं.

गोष्ट दीड वर्षापूर्वीची. मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजची अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असायची. एक दिवस नोटीस लागली की आता ती आठ वाजता बंद होणार. वीज वाचवायची, शिपाई कमी आहेत वगैरे कारणं. बऱ्याच जणांना काही फरक पडला नाही. पण माझ्या रूममेटला पडला. ती दिवसा कॉलेज करायची, दुपारी तीन ते साडेसात एका दुकानात बिलिंगला बसायची आणि जेवून सव्वाआठला अभ्यासिकेत जायची. आमच्या खोलीत चार कॉट, एक ट्यूबलाइट आणि दहानंतर लाइट बंदचा नियम. तिने एमपीएससीचा अभ्यास करायचा कुठे? जिन्यात?

मग आम्ही सह्यांची मोहीम काढली. एक यादी होस्टेलच्या गेटवर ठेवली, एक अभ्यासिकेच्या दारात. आठवड्यात होस्टेलच्या यादीवर २३६ सह्या, अभ्यासिकेच्या यादीवर १९४. मी लगेच फोनच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज मारली. ४३०! आमच्या विभागाचं एक छोटं प्रॅक्टिस पेपर असतं, विद्यार्थ्यांनीच काढलेलं. त्यात मी मथळा दिला, ‘अभ्यासिकेसाठी ४३० विद्यार्थी एकवटले’. स्वतःवरच खूश होते.

निवेदन द्यायला गेलो तेव्हा ऑफिसमधल्या सरांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. पाच मिनिटं बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “हे नाव इथेही आहे आणि तिथेही. हेही. हेही. एकाच मुलाच्या दोन-दोन सह्या? ही तर बोगस यादी झाली.” निवेदन परत. अभ्यासिका आठलाच बंद.

बाहेर आल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसून नावं जुळवली. दोन्ही याद्यांमध्ये ६८ नावं सारखी होती. म्हणजे सह्या ४३० असल्या, तरी माणसं ३६२. कोणी फसवलं नव्हतं. ज्याला जिथे यादी दिसली तिथे त्याने सही केली होती. चूक त्यांची नव्हती, बेरीज करणारीची होती. आणि ती करणारी मी होते. रूममेट मला काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

रांगोळी नव्हे, हिशेब

त्या रात्री मी धाकट्या भावाला फोन करून नववीचं पुस्तक उघडायला लावलं. “ताई, तू आणि गणित?” त्याला हसू आवरेना. पण पहिल्या दोन पानांतच माझं उत्तर होतं.

संच म्हणजे काय? ज्यात काय आहे आणि काय नाही हे ठामपणे सांगता येतं असा समूह. ‘आमच्या वर्गातली भारी मुलं’ हा संच नाही, कारण भारी कोण यावर कँटीनमध्ये भांडण होईल. ‘आमच्या वर्गातली चष्मा असलेली मुलं’ हा संच आहे. यादी करा, वाद संपला. त्यातला प्रत्येक जण म्हणजे घटक.

आणि खरी गंमत पुढे आहे. संचात एक घटक एकदाच मोजतात. ‘बाबा’ या शब्दातल्या अक्षरांचा संच लिहायचा तर त्यात ‘बा’ एकदाच येतो. तुम्ही तो कितीही वेळा लिहा, संचाच्या दृष्टीने तो आहे किंवा नाही, एवढंच. यादी आणि संच यांच्यातला फरक तो हाच. यादीत नाव दोनदा येऊ शकतं, संचात नाही. मी याद्यांची बेरीज केली होती, मला संचाची हवी होती.

दोन संच एकत्र आले की दोन प्रश्न पडतात. पहिला, या दोन्हींत मिळून कोण कोण आहे? होस्टेलच्या यादीत असलेले, अभ्यासिकेच्या यादीत असलेले, दोन्हींत असलेले, सगळे. हा संयोग संच. त्याचं चिन्ह उघड्या पेल्यासारखं, ∪. जे येईल ते पोटात घेतो. दुसरा प्रश्न, दोन्हींत सामाईक कोण? हा छेद संच. त्याचं चिन्ह तोच पेला उपडा केलेला, ∩. ही दोन्ही चिन्हं जुझेप्पे पेआनो या इटालियन गणितज्ञाने १८८८ मध्ये वापरात आणली.

मोजायचा नियम एका ओळीचा. दोन्ही संचांच्या घटकांची बेरीज करा आणि छेद संचातले घटक एकदा वजा करा. का? कारण दोन्हीकडे असलेला माणूस बेरजेत दोनदा आला आहे. त्याला एकदा बाहेर काढलं की तो बरोबर एकदाच उरतो. २३६ अधिक १९४ उणे ६८, बरोबर ३६२. एवढंच होतं. एवढ्यासाठी अभ्यासिका गेली होती.

हा सगळा विषय उभा केला गेओर्ग कँटर या गणितज्ञाने. जन्म १८४५, सेंट पीटर्सबर्ग. काम जर्मनीतल्या हाले विद्यापीठात. १८७४ च्या त्याच्या निबंधापासून संचांच्या अभ्यासाची सुरुवात धरतात. त्याचा मूळ प्रश्न आपल्यासारखा सह्या मोजायचा नव्हता, तो अनंत मोजायला निघाला होता. एक अनंत दुसऱ्या अनंतापेक्षा मोठा असू शकतो, हे त्याने सिद्ध करून दाखवलं. लेओपोल्ड क्रोनेकरसारख्या मोठ्या गणितज्ञाने त्याच्या कल्पनांना कडाडून विरोध केला. आज तोच विषय नववीच्या पहिल्या धड्यात आहे आणि आपण दोन मार्कांपुरता करतो.

आणि ती वर्तुळं? ती जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाची, १८८० मधली. वर्तुळं काढून तर्क समजावण्याची पद्धत त्याच्या शंभरेक वर्षं आधी ऑयलरनेही वापरली होती, पण नाव चिकटलं ते वेनचं. केंब्रिजच्या ज्या कॉलेजात तो होता, तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये त्याच्या तीन वर्तुळांची रंगीत काचेची खिडकी आहे. हा माणूस क्रिकेटवेडाही होता. त्याने चेंडू टाकणारं यंत्र बनवलं होतं आणि १९०९ मध्ये केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघातल्या एका फलंदाजाला त्या यंत्राने चारदा बाद केलं, असं सांगितलं जातं. नववीत हे कोणी सांगितलं असतं तर निदान मागच्या बाकावरची मुलं तरी जागी राहिली असती!

‘ध’चा ‘मा’ आणि ‘व’चा ‘वा’

संच कळायला लागले तसं माझं लक्ष आकड्यांवरून शब्दांकडे गेलं. शेवटी मी भाषेचीच विद्यार्थिनी.

छेद संच म्हणजे ‘आणि’. हा घटक इथे आहे आणि तिथेही आहे. संयोग संच म्हणजे ‘किंवा’. इथे आहे किंवा तिथे आहे. आता मराठीत ‘आणि’साठी आपण ‘व’ लिहितो आणि ‘किंवा’साठी ‘वा’. फरक किती? एका कान्याचा. त्या काना नावाच्या उभ्या रेघेने छेद संचाचा संयोग संच होतो.

‘ध’चा ‘मा’ आपल्याला पाठ आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, अशी आख्यायिका आहे. ‘व’चा ‘वा’ तितका रक्तरंजित नाही, पण रोजचा आहे. एखाद्या जाहिरातीत ‘मराठी व इंग्रजी टंकलेखन आवश्यक’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा अर्ज करू शकणारे म्हणजे फक्त मधला, दोन वर्तुळांच्या छेदातला भाग. ‘मराठी वा इंग्रजी’ लिहिलं की दोन्ही वर्तुळं उघडतात. आमच्या होस्टेलच्या एका मुलीने फॉर्मवरचा ‘व’ हा ‘वा’ वाचला, दोन दाखल्यांपैकी एकच जोडला आणि अर्ज बाद झाला. दुसरा दाखला तिच्या कपाटात होता. नुसता कपाटात!

पण मंडळी, भाषा इतकी सरळ नाही, हेही कळलं. ‘विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हॉलमध्ये जमावे’ अशी नोटीस लागते. इथे ‘आणि’ लिहिलंय, म्हणजे छेद संच? मग हॉलमध्ये एकही माणूस जाणार नाही, कारण दोन्ही शाखांत एकाच वेळी कोणी नसतं. छेद संच रिकामा, म्हणजे रिक्त संच. नोटीस लिहिणाऱ्याला हवा आहे संयोग संच आणि आपल्यालाही तो बरोबर कळतो. बोलताना आपण समजून घेतो. फॉर्म, नियम आणि बातमी इथे मात्र ‘समजून घेतील’ यावर सोडून चालत नाही.

‘किंवा’चंही तसंच. मेसमध्ये फळ्यावर ‘पोहे किंवा उपमा’ असतं. तुम्ही दोन्ही मागून बघा, मावशी काय उत्तर देतात ते. तिथला ‘किंवा’ म्हणजे दोहोंतलं एकच. गणितातला ‘किंवा’ उदार आहे. पोहे घ्या, उपमा घ्या, दोन्ही घ्या, तुम्ही संयोग संचात आहातच. मेसचा ‘किंवा’ वेनच्या आकृतीत दाखवायचा तर दोन्ही वर्तुळं रंगवायची आणि मधला भाग कोरा ठेवायचा.

यात नकार आला की अजून मजा. ‘मला कारलं किंवा दोडका नको’ म्हणणाऱ्याला नक्की काय नकोय? कारलं नको आणि दोडका नको. ‘किंवा’ला नकार दिला की तो उलगडून ‘आणि’ होतो. उलटंही खरं. ‘दोन्ही दाखले आहेत असं नाही’ याचा अर्थ एकही दाखला नाही, असा होत नाही. हा नाही किंवा तो नाही, एवढाच होतो. त्या मुलीच्या अर्जावर ‘कागदपत्रे नाहीत’ असा शेरा होता. खरं तर एक होतं. या दोन नियमांना ऑगस्टस डी मॉर्गनचं नाव आहे. आणि हा डी मॉर्गन जन्मला कुठे, माहितीये? आपल्या मदुराईत, १८०६ मध्ये. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. बाळ काही महिन्यांचं असताना कुटुंब इंग्लंडला गेलं, पण पुढे दिल्लीच्या रामचंद्र या गणित शिक्षकाचं पुस्तक लंडनमध्ये छापून आणण्यासाठी याच डी मॉर्गनने धडपड केली. १८५९ मध्ये ते निघालं.

फोनमधली वर्तुळं

तुम्ही म्हणाल, मला काय करायचंय? तर फोन हातात घ्या.

इन्स्टावर एखाद्या अनोळखी प्रोफाइलखाली सामाईक मित्रमैत्रिणींची नावं दिसतात. तुमचा संच, त्याचा संच आणि दोन्हींचा छेद. रिक्वेस्ट घ्यायची की नाही हे आपण त्या छेद संचाकडे बघूनच ठरवतो ना? शाळेचे दोन व्हॉट्सअॅप ग्रुप एकत्र करून गेट-टुगेदर ठरवलं, तर तो संयोग संच. आणि दोन्ही ग्रुपची सदस्यसंख्या मिळवून हॉल बुक केलात, तर माझ्यासारखी गत. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

ऑनलाइन कुर्ता बघताना फिल्टर लावता तेव्हा काय होतं, लक्ष देऊन बघा. रंगात निळा टिक केला, मग हिरवाही टिक केला, तर कुर्ते वाढतात. निळे किंवा हिरवे, संयोग. पण रंग निळा, कापड सुती, किंमत पाचशेच्या आत असं एकेक टिक करत गेलात, की कुर्ते कमी कमी होत जातात. निळा आणि सुती आणि स्वस्त, छेद. एकाच रकान्यात संयोग, वेगवेगळ्या रकान्यांमध्ये छेद. शेवटी ‘काहीही सापडलं नाही’ असं येतं, तो तुमचा रिक्त संच. लग्नाच्या साइटवर स्थळं बघणाऱ्या आमच्या मावशीला मी हेच समजावलं. सगळे रकाने भरले की छेद रिकामाच येणार गं, दोन-तीन टिक काढ!

ग्रुपचं भेटायचं ठरत नाही त्याचंही कारण हेच. चौघींच्या मोकळ्या वेळांचे चार संच, आणि छेद बघायला जावं तर रविवारी सकाळी सात ते आठ. त्या वेळी चौघीही झोपलेल्या.

रक्तातली वर्तुळं

हे वाचून हसू येत असेल तर आता जरा गंभीर. माझ्या शोधातला सगळ्यात मोठा धक्का मला रक्तगटांनी दिला.

कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्ताचे गट असतात हे दाखवलं आणि त्यासाठी १९३० मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्या लाल पेशींवर काही खुणा असतात, त्यांना अँटिजेन म्हणतात. एक ‘ए’ खूण, एक ‘बी’ खूण. दोन वर्तुळं काढा. फक्त ए असेल तर ए गट. फक्त बी असेल तर बी गट. छेदात, म्हणजे दोन्ही खुणा असतील तर एबी. आणि दोन्ही वर्तुळांच्या बाहेर, एकही खूण नसेल तर ओ. आता तिसरं वर्तुळ काढा, आरएच खुणेचं. त्याच्या आत ते पॉझिटिव्ह, बाहेर ते निगेटिव्ह. तीन वर्तुळांनी कागदाचे किती भाग होतात? आत सात आणि बाहेर एक, मिळून आठ. रक्तगट किती? आठ! जॉन वेनला हे माहीत असायचं कारणच नव्हतं, पण त्याची आकृती जणू रक्तपेढीसाठीच काढलेली.

कोणाचं रक्त कोणाला चालतं, हा तक्ता मी दहावीत घोकून पाठ केला होता. संचांच्या भाषेत तो एका वाक्यात बसतो. देणाऱ्याच्या खुणांचा संच हा घेणाऱ्याच्या खुणांच्या संचाचा उपसंच हवा. म्हणजे देणाऱ्याकडे असलेली प्रत्येक खूण घेणाऱ्याकडे आधीच असायला हवी, नाहीतर घेणाऱ्याचं शरीर तिला परकी समजून हल्ला करू शकतं. ओ निगेटिव्हचा संच रिकामा. रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो, म्हणून ते सगळ्यांना चालतं. एबी पॉझिटिव्हकडे तिन्ही खुणा, म्हणून त्याला सगळ्यांचं चालतं. (हे लाल पेशींपुरतं. प्लाझ्माचा हिशेब उलटा असतो. आणि प्रत्यक्ष रक्त देण्याआधी नमुने जुळवून बघतातच.)

पण मग मुंबईने एक चौथं वर्तुळ काढायला लावलं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसत होतं, पण ओ गटाचं रक्त त्यांना जुळत नव्हतं. ए आणि बी या दोन्ही खुणा ज्या पायावर उभ्या राहतात ती ‘एच’ नावाची खूणच त्यांच्याकडे नव्हती. ओ गटाच्या माणसाकडे ए नसतो, बी नसतो, पण एच असतो. ज्याला आपण रिकामा संच समजत होतो, तो रिकामा नव्हताच. त्यात एच होता, आपण फक्त त्याचं वर्तुळ काढलं नव्हतं. खरा रिकामा संच या लोकांचा. त्यामुळे त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. जगभरात हा गट आजही ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणूनच ओळखला जातो.

हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. तक्त्यात ‘ओ’ लिहून माणूस मोकळा होतो. पण एक वर्तुळ काढायचं राहिलं, तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं. त्यामानाने माझी अभ्यासिका किरकोळच. पण चूक एकाच जातीची. आपण काय मोजतोय हे न बघता मोजणं.

पुन्हा सह्या

आम्ही निवेदन पुन्हा द्यायचं ठरवलं. या वेळी एक ऑनलाइन फॉर्मही काढला, कारण बाहेर राहणारी बरीच मुलं राहून गेली होती. त्यावर ११० नावं आली. आता तीन याद्या. मी पुन्हा घाई करणार होते. तिन्हींची बेरीज ५४०. दोन-दोन याद्यांत सारखी नावं शोधली. होस्टेल आणि अभ्यासिका ६८, अभ्यासिका आणि ऑनलाइन ४१, होस्टेल आणि ऑनलाइन ३७. मिळून १४६. वजा केली, ३९४. झालं!

“थांब,” रूममेट म्हणाली. “माझं नाव तिन्हीकडे आहे. तू मला तीनदा मोजलंस आणि तीनदा वजा केलंस. मग मी कुठे आहे?”

खरंच की. ती आकड्यातून गायब झाली होती. ज्या मुलीसाठी ही सगळी धडपड, नेमकी तीच. तिन्ही याद्यांत असलेली तिच्यासारखी नावं २२ होती. ती परत मिळवली. ४१६. मग एकेक नाव मोजूनही बघितलं, ४१६च भरली.

पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट तेव्हा कळली. पहिल्या वेळी सरांनी ज्या ६८ नावांवर बोट ठेवून ‘बोगस’ म्हटलं होतं, ती कोण होती? होस्टेलमध्ये राहणारी आणि अभ्यासिका रोज वापरणारी. ज्यांच्याकडे खोलीत जागा नाही आणि बाहेर खोली घ्यायला पैसे नाहीत. छेद संच म्हणजे खोट्या सह्या नव्हत्या. ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती ती ही मुलं होती. मी त्यांना नुसतं वजा करून बाजूला ठेवलं असतं तरी अर्धीच गोष्ट सांगितली असती. म्हणून या वेळी निवेदनात दोन वाक्यं लिहिली. एकूण ४१६ विद्यार्थ्यांची मागणी आहे. त्यातल्या २२ जणांनी मिळेल त्या प्रत्येक ठिकाणी सही केली आहे, कृपया त्यांच्याशी एकदा बोला.

सर बोलले. आधी कपाळाला आठ्या, मग याद्या, मग पुन्हा बोट फिरवणं. नाव दोनदा सापडेना. शेवटी निघालं ते असं, की परीक्षेआधीचा एक महिना अभ्यासिका दहापर्यंत उघडी राहील. अकरा नाही, दहा. वर्षभर नाही, तेवढाच महिना. आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. रूममेटने त्या वर्षीची पूर्वपरीक्षा दिली, निघाली नाही. या वर्षी पुन्हा देणार आहे. ती आता दुसरीकडे राहते, तिथे निदान टेबल आहे.

आणि मी इथे इंटर्नशिप करतेय. परवा डेस्कवर एक प्रेसनोट आली. शिबिराचा लाभ इतक्या जणांनी घेतला, डोळे तपासणी इतके, दात तपासणी इतके, एकूण इतके. उपसंपादक मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला, “चार ओळी कर गं.” मी चार ओळी केल्या. मग फोन उचलला आणि विचारलं, “डोळे आणि दात दोन्ही तपासून घेतलेले किती जण होते?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, “मॅडम, ते काढावं लागेल.”

“काढा,” म्हटलं. “मी थांबते.”